1077 छापता, मग 14416 पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार. पूर आला की तुम्ही 1077 हा मदतीचा नंबर छापता, तसा पाणी उतरल्यावर मनाच्या त्रासासाठीचा 14416 पण छापा, एवढं सांगायला हे पत्र. पण सुरुवात तुमच्या एका लेखापासून करतो.

सर्वपित्री अमावस्येच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एक लेख आला होता, पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडच्या 'विश यू वर हिअर' या रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली म्हणून. 12 सप्टेंबर 1975 ला आली होती ती. लेख चांगला होता, माहिती बरोबर होती, फोटोपण झकास छापला होता, पण शेवटी शेवटी त्यात जो सूर लागला तो मला खटकला आणि तेव्हाच लिहायचं मनात होतं, पण दोनच दिवसांत आमच्या घरावर जे आलं त्यात ते राहून गेलं. आता जरा उसंत मिळालीय म्हणून लिहितोय. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजी बँडचं काय पडलंय असं वाटेल तुम्हाला, तर त्याचं उत्तर म्हणजे आमचा अण्णा.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पुण्याला इंजिनिअरिंगला होता, हॉस्टेलवर. 1983 ला वडील गेले आणि तिसऱ्या वर्षातून कॉलेज सोडून गावाकडं आला, माढा तालुक्यात सीनेच्या काठाला आमची जमीन आहे. येताना एक ट्रंक, एक गादी आणि सोळा-सतरा कॅसेट एवढंच घेऊन आला. त्यातली एक नव्वद मिनिटांची, कुणाच्या तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली, वर अण्णाच्या अक्षरात 'पिं. फ्लॉ.' एवढंच. एका बाजूला ही 'विश यू वर हिअर', पालटली की 'डार्क साइड ऑफ द मून'. दोन्ही चव्वेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांच्या, म्हणजे नव्वदच्या कॅसेटला मापून शिवल्यासारख्या. मी तेव्हा चौदा वर्षांचा. वस्तीवर लाइट असली तर रात्री अण्णा ती लावायचा आणि मी बाजेवर पडून ऐकायचो. मला त्या गाण्यांतलं निम्मं इंग्रजी आजही कळत नाही, पण पहिलं गाणं आहे ना, त्यात आठ मिनिटं झाली तरी कुणी गायलाच येत नाही. नुसती वाद्यं, मग मधेच गिटारचे चार सूर, परत तेच चार. आई विचारायची, अरे ह्यांचा गाणारा मेलाय का काय. अण्णा हसून म्हणायचा, मेला नाही आई, हरवलाय.

तर तो हरवलेला म्हणजे सिड बॅरेट, या बँडचा पहिला गाणारा, ज्याच्याबद्दल तुमच्या लेखात 'वेडा हिरा' असं मथळ्यातच लिहिलं होतं. त्याच्यावरच्या त्या पहिल्या गाण्याचं नावच तसं आहे, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', हे मला माहिती आहे, त्यामुळं मथळ्याबद्दल तक्रार नाही. सिड खरा रॉजर, केंब्रिजचा, 1946 चा जन्म, सोळा पुरी व्हायच्या आत वडील गेले. बँडला नाव यानंच दिलं, दोन जुन्या अमेरिकन ब्लूज गाणाऱ्यांच्या नावातला एकेक शब्द घेऊन. 1967 ला पहिली रेकॉर्ड आली त्यातली जवळजवळ सगळी गाणी याची, वय एकवीस. नशेच्या गोळ्या, एलएसडी, त्याच वर्षात फार वाढल्या, आणि वर्ष संपायच्या आत हा स्टेजवर उभा राहून एकच सूर वाजवत बसायला लागला, नाहीतर गिटारच्या तारा ढिल्या करून सोडायचा आणि नुसता बघत राहायचा. नक्की काय झालं होतं, गोळ्यांनी झालं का आधीपासून काही होतं, यावर आजसुद्धा एकमत नाही, त्याची बहीण तर म्हणायची की लोक म्हणतात तसा वेडाबिडा नव्हता तो.

पुढची गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीत उरकली होती पण मला वाटतं सगळं त्यातच आहे. 26 जानेवारी 1968, आपल्याकडं झेंडावंदनाचा दिवस. बँडची मंडळी गाडीतून साउथॅम्प्टनला कार्यक्रमाला चालली होती आणि वाटेत सिडला घ्यायचं होतं, तर कुणीतरी विचारलं घ्यायचं का त्याला, आणि ठरलं की नको, राहू दे. भांडण नाही, बैठक नाही, काही नाही. गाडी नुसती वळवली नाही. एप्रिलमध्ये जाहीर केलं की सिड आता बँडमध्ये नाही. त्याच्या जागी आलेला डेव्हिड गिलमोर त्याचाच केंब्रिजचा दोस्त.

आता आमची गोष्ट.

दुसऱ्या माळेला दुपारी साडेबाराला अण्णाचा फोन आला. मी कारखान्यात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, दसऱ्याच्या आधीचा माल निघायचा होता, तीन गाड्या लागलेल्या, बिलं करत होतो. स्क्रीनवर 'अण्णा' आलं, मी बघितलं आणि म्हटलं संध्याकाळी करू निवांत. घेतला नाही. वाजून वाजून बंद झाला. परत आला नाही, अण्णा कधीच दुसऱ्यांदा करत नाही.

चारला वहिनींचा आला, त्या बार्शीला माहेरी गेल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजी, वस्तीला चारी बाजूनं पाणी आलंय, हे एकटेच हायत, स्लॅबवर चढलेत. मी लगेच लावला, लागला, अण्णाचा आवाज अगदी नेहमीसारखा. म्हणाला, सहा टक्के बॅटरी आहे, ऐक, म्हशींची दावी कापली मी, वासरू वर घेतलंय, मोटर गेली, आईला सांगू नको. मी म्हटलं दुपारी फोन केलतास. तर म्हणाला, तेव्हा ट्रॅक्टर हायवेपर्यंत काढावा का विचारत होतो, आता काय त्याचं. आणि फोन गेला. त्यानंतर ती बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणणारी, रात्रभर तीच.

ज्यांना आपला भाग माहिती नाही त्यांना हे पटणारच नाही. सोलापूर म्हणजे दुष्काळ, टँकर, चारा छावणी. सीना म्हणजे तर वर्षातले आठ महिने वाळू. आमच्या घरी जुळे सोलापुरात नळाला दिवसाआड नाही, चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि भाऊ माझा पाण्यात. पाऊस पडला वर अहिल्यानगरला, धाराशिवला, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी सगळ्या धरणांतनं पाणी सोडावं लागलं आणि ते सगळं एका सीनेत आलं. करमाळा, माढा, मोहोळ करत पाणी खाली आलं. पुढं ते हत्तरसंग कुडलला भीमेला मिळतं, जिथं शके 940 चा मराठी शिलालेख आहे, आम्ही शाळेच्या सहलीला गेलतो. त्या रात्री मला उगाचच त्या दगडाची आठवण येत होती, की अण्णाच्या अंगणातलं पाणी उद्या तिथं पोचेल. डोकं काहीही विचार करतं हो अशा वेळी.

1077 ला फोन केला. हा नंबर तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर चौकटीत होता, जिल्हा नियंत्रण कक्ष. पोराने व्यवस्थित लिहून घेतलं, गाव, गट नंबर, एकटेच आहेत का, वय किती, काही आजार. शुगर आहे म्हटलं. म्हणाला, नोंद घेतली काका, अंधारात बोट टाकणं अवघड आहे, सकाळी बघतील, एनडीआरएफवाले त्याच बाजूला आहेत. पुतण्याला घेऊन मोटरसायकलवर निघालो तरी, बसवत नव्हतं. पुणे रोडला लांबोटीच्या अलीकडंच अडवलं, सीनेचं पाणी, ट्रकची रांग लागलेली, ड्रायव्हर लोक खाली उतरून चहा करत बसले होते. एक जण म्हणाला, काका परत जावा, पलीकडं गेलाच तर मोहोळच्या पुढं काय करणार. परत आलो.

घरी आई घटापुढं. ब्याऐंशी वर्षांची आहे, नऊ दिवस उपास करते आणि सांगितलेलं ऐकत नाही. अण्णानं सांगितलं होतं म्हणून मी म्हटलं गावाकडं लाइट नाही, मोबाइल बंद पडलेत सगळ्यांचे. ती मातीत पेरलेल्या धान्यावर पाणी शिंपडत होती, वर न बघता म्हणाली, बरं. मग जेवायला वाढलं तर म्हणाली, तुझा भाऊ वर चढलाय ना नीट? पत्र्यावर का स्लॅबवर? म्हणजे हिला सगळं माहिती. वहिनींनी आधी तिलाच फोन केला होता.

रात्री दहा-साडेदहानंतर करायला काही उरलं नाही. आई झोपल्यासारखी पडून, बायको स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत. मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलो. टीपॉयवर तुमची रविवारची पुरवणी तशीच पडलेली, त्या बँडचा फोटो वर. आणि मला वाटलं, ते ऐकावं. लाज वाटली आधी, भाऊ स्लॅबवर भिजतोय आणि हा गाणी ऐकणार. पण टीव्ही लावला तर तेच पाणी दाखवत होते, आणि दर वेळी मला त्यात आपली वस्ती दिसल्यासारखी व्हायची, सगळी पाण्यातली गावं सारखीच दिसतात वरून. अण्णाची कॅसेट माझ्याकडंच आहे, टेपसकट, पण टेपचा बेल्ट ढिला झालाय, आवाज रेड्यासारखा येतो. म्हणून मोबाइलवर लावलं, इअरफोन एकाच कानात, दुसरा कान आईसाठी आणि दारासाठी मोकळा.

मोबाइलवर लावायची भानगड अशी की फोन आला की गाणं थांबतं. आणि त्या रात्री सगळे पाव्हणे जागे. सुरुवातीचा तो लांब घुमणारा आवाज, मग ते चार सूर, आणि तेवढ्यात पंढरपूरची आत्या, कळालं का काही? नाही आत्या. परत पहिल्यापासून लावायचो, का कोण जाणे, मधून लावावंसं वाटत नव्हतं. परत ते चार सूर, मग कारखान्यातला सुपरवायझर. परत पहिल्यापासून. मग पुण्याचा भाचा, त्याला ट्विटरवर कुणाला तरी टॅग करायचं होतं, गावाचं इंग्रजी स्पेलिंग विचारत होता. मोजलं नाही पण दहा-बारा वेळा तरी मी ते गाणं सुरू केलं असेल आणि एकदाही तो माणूस गायला लागेपर्यंत पोचलो नाही. आणि प्रत्येक वेळी फोन थरथरला की काळजात धस्स व्हायचं की हा अण्णाचा, आणि नंबर दुसराच.

मधे मी पुरवणीतला लेख परत वाचला. त्यात 5 जून 1975 ची गोष्ट रंगवून लिहिली होती. बँड लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच गाण्याचं, सिडवरच्या गाण्याचं काम करत होता आणि एक जाडजूड माणूस येऊन बसला, डोक्याचे केस काढलेले, भुवयासुद्धा काढलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कुणी ओळखलं नाही त्याला. कुणाला वाटलं स्टाफपैकी असेल. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की हा सिड. रडू आलं त्यांच्यातल्या काहींना. तुमच्या लेखकानं हे एखाद्या भुताच्या गोष्टीसारखं लिहिलं होतं, की नियतीनं कसा त्याच दिवशी त्याला पाठवला वगैरे, आणि मग शेवटी म्हटलं होतं की सिडचं वेड नसतं तर ही अजरामर कलाकृती जगाला मिळाली नसती. हे वाक्य मला रात्री दीड वाजता वाचवेना. म्हणजे काय, माणूस बुडाला ते बरंच झालं, गाणं चांगलं आलं? उद्या कुणी सीनेच्या पुरावर छान कविता केली तर आम्ही पुराचे आभार मानायचे का?

चारच्या सुमाराला फोन यायचे थांबले. तेव्हा पहिल्यांदा ते गाणं सलग चाललं. आठ-साडेआठ मिनिटांनी तो गायला लागला आणि मी, छप्पन्न वर्षांचा बाप्या, पॅसेजमध्ये बसून रडलो. त्या गाण्यामुळं का झोपेमुळं का त्या न घेतलेल्या फोनमुळं, सांगता येणार नाही. बायको बाहेर आली, काही बोलली नाही, माझ्या दुसऱ्या कानापाशी येऊन विचारलं, फोन आला? मी म्हटलं नाही, गाणं आलं. तिला वाटलं असेल हा पण गेला कामातनं.

सकाळी साडेअकराला अनोळखी नंबर. तिकडचे एक पोलीसपाटील, म्हणाले तुमचे बंधू शाळेत आणलेत, बोटीनं, चालत आलेत, द्या त्यांना. अण्णा म्हणाला, आलो. एवढंच. एकवीस तास होता स्लॅबवर. वासरू वाचलं, एक म्हैस तिसऱ्या दिवशी आपणहून आली, दुसरीचा पत्ता नाही. अडीच एकर ऊस आडवा, कांदा गेलाच, आणि नदीकडची जी काळी होती ती खरडून नेली, आता तिथं वाळू आणि गोटे.

संपादकसाहेब, इथपर्यंत सगळं तुमच्या पेपरात येऊन गेलंय, आमच्यासारख्या हजारोंचं. पुढचं आलेलं नाही म्हणून मी लिहितोय.

पाणी उतरल्यावर अण्णाला इकडं आणलं, वस्तीत गुडघाभर चिखल होता, राहणार कुठं. दसरा इथंच केला. मी एसटी स्टँडवर घ्यायला गेलो, गर्दीत शोधतोय, आणि समोर बाकड्यावर एक म्हातारा बसला होता, दाढी वाढलेली, कुणाचातरी ढगळा शर्ट, मांडीवर रेशनच्या किटची पिशवी. मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढं गेलो. दोनदा. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, अरे इकडं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आठ दिवसांपूर्वी पितरं घालायला आला होता तेव्हा जेवून वर अर्धा डझन पुरणपोळ्या बांधून नेल्या होत्या, बायकोशी चेष्टा करत. तुमच्या लेखातली ती स्टुडिओची गोष्ट मला तेव्हा अजिबात भुताची वाटली नाही. होतं असं. समोर बसलेला असतो आणि आपण दुसऱ्यालाच शोधत असतो.

तेव्हापासून तो बोलत नाही असं नाही, विचारलं तर सांगतो. पण गॅलरीत बसतो आणि हाताची नखं बघत बसतो, चिखल निघाला नाही म्हणतो, निघालाय कधीचाच. भाकरी अर्धी. शेंगाचटणी त्याचा जीव की प्राण, डबा तसाच. आणि इथल्या एका रात्रीचं मी सांगतो. आमच्याकडं पाणी रात्री दोन-अडीचला सोडतात. त्या रात्री गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, बाहेर पाइपातनं धो धो आवाज, आणि बघतो तर अण्णा अंधारात जिना चढत होता, एका हातात चपला, एका हातात आईच्या औषधांची पिशवी. मी लाइट लावली, म्हटलं अण्णा, टाकी आहे रे. तो थांबला, खाली बघितलं, म्हणाला हां, टाकी. आणि जिन्यातच बसला. आम्ही दोघं तिथंच बसलो कॉक बंद करून, पाणी थेंब थेंब थांबेपर्यंत.

पंचनामा झाला, तलाठी आले होते, माणूस चांगला होता, सगळं विचारून लिहिलं, ऊस किती, कांदा किती, जनावर किती, भिंत पडली का. सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलंय, खरडलेल्या जमिनीला वेगळी मदत आहे, ते मिळेल तेव्हा मिळेल, त्यासाठी हे पत्र नाही. माझं म्हणणं एवढंच की अण्णाचं हे जे झालंय ते कोणत्या रकान्यात लिहायचं हे तलाठ्याला पण माहिती नाही आणि मला पण नव्हतं. पाव्हणे म्हणतात होईल हळूहळू. एक जण म्हणाला बाहेरचं काहीतरी बघा, उतारा टाका. आणखी एक जण म्हणाला, त्याला कामाला लावा, रिकामं बसलं की असं होतं. सिडच्या वेळी पण लोकांकडं असंच काहीबाही असणार.

शेवटी माझ्या भाचीनं, ती नर्सिंग करते, एक नंबर दिला, 14416, टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवरून मदत. केंद्र सरकारचा आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेला, म्हणजे तीन वर्षं झाली आणि मी रोज दोन पेपर वाचणारा माणूस, मला ठाऊक नाही. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी रात्री गच्चीवर जाऊन केला, अण्णाला न सांगता. एक बाई होत्या, वीस-पंचवीस मिनिटं बोलल्या, घाई नाही केली. म्हणाल्या की एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर पाण्याच्या आवाजानं दचकणं, झोप उडणं, जेवण न जाणं हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं, त्यांना पुरात काय झालं ते खोदून खोदून विचारू नका, बोलले तर मधे न बोलता ऐका, एकटं झोपवू नका, शुगरची गोळी चुकवू नका, आणि महिनाभरात फरक नाही पडला किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलायला लागले तर वाट न बघता मानसोपचाराच्या डॉक्टरकडं न्या, सरकारी दवाखान्यात पण असतात. शेवटी मला विचारलं, आणि तुमचं काय, तुम्हाला झोप लागते का. मला त्याचं उत्तर द्यायला वेळ लागला.

आणि आता परत त्या बँडबद्दल, कारण तुमच्या लेखकाला उत्तर देतो म्हटलंय. त्या गाडीत बसलेल्या पोरांना मी शिव्या देऊ शकत नाही. एकवीस-चोवीस वर्षांची पोरं, त्यांना तरी कुठं माहिती होतं काय करायचं, कुठला नंबर होता त्यांच्याकडं? त्यांनी त्याला घेतलं नाही तसा मी फोन घेतला नाही, मला पण माल काढायचा होता, त्यांना पण कार्यक्रम करायचा होता. पण नंतर याच मंडळींनी, गिलमोरनं आणि बँडमधल्याच रॉजर वॉटर्सनं, 1969 ला सिडच्या स्वतःच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओत बसून त्याच्याकडनं गाणी करून घेतली, तो एक गाणं दोनदा सारखं गायचा नाही तरी. त्याच्या गाण्यांचे पैसे त्याला शेवटपर्यंत मिळत राहतील हे गिलमोरनं बघितलं. सिड केंब्रिजला आईच्या घरी परत गेला, परत रॉजर झाला, बाग करायचा, चित्रं काढायचा, बहीण येऊन बघून जायची. 7 जुलै 2006 ला गेला, साठाव्या वर्षी. तुमच्या लेखात ही तीसेक वर्षं 'अज्ञातवासात काढली' एवढ्यात संपवली. अज्ञातवास कसला हो? घरात होता. बहिणीला माहिती होता. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांना अज्ञात, एवढंच.

परवा मी अण्णाची ती कॅसेट काढली, त्याला विचारून. टेपमध्ये घातली, बेल्ट ढिला, तो चार सुरांचा तुकडा असा काही हंबरत आला की माझ्या नातीला हसू आवरेना. अण्णा म्हणाला, बंद कर, टेप खाईल ती. मग स्वतःच उठला, कॅसेट काढली, तेवढ्यात खरंच गुंतली होती, नातीची पेन्सिल मागितली आणि त्या चक्रात घालून हळूहळू फिरवत, अंगठ्यानं फीत सपाट करत, पूर्ण आत घेतली. दहा मिनिटं लागली असतील. मग म्हणाला, नव्या पेठेत तो रिपेरिंगवाला अजून बसतो का? मी म्हटलं माहिती नाही, बघू. त्या रात्री पण तो झोपला नाही, लगेच काही बरं झालं असं समजू नका.

तर विनंती अशी. पूर येतो तेव्हा तुम्ही 1077 पहिल्या पानावर चौकटीत छापता, त्याचा आम्हाला उपयोग झाला, मनापासून आभार. पाणी उतरल्यावर त्याच चौकटीत, तेवढ्याच अक्षरात, 14416 छापा. एक दिवस नाही, रब्बीची पेरणी होईपर्यंत तरी. आमच्या त्या बाजूच्या गावांत असे जिन्यात बसलेले किती असतील मला माहिती नाही, पण अण्णा एकटा नसणार. आणि पुरवणीत परत कधी असल्या कुणा गाणाऱ्यावर, नटावर, कवीवर लेख आला तर त्याच्याखाली पण तो नंबर टाका, वाचणाऱ्याच्या घरात कोण बसलंय आपल्याला काय ठाऊक.

पत्र फार लांबलंय, कापावं लागेल ते कळतंय. सिडचा भाग कापा, लांबोटीचा कापा, माझं रडणं तर आधी कापा. नंबर तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर
(अण्णा तुमचाच पेपर वाचतो, त्यामुळं नाव छापू नये.)